रोगाचे पूर्ण नाव

मराठी वर्तमानपत्रांच्या निधनवार्तांत एक शब्द कित्येक वर्षे मुक्काम ठोकून बसला आहे : ‘दुर्धर’. अमक्यांचे दुर्धर आजाराने निधन झाले, तमक्या बाईंनी दुर्धर आजाराशी दोन वर्षे झुंज दिली. आजार कोणता ते वाचणाऱ्याला अचूक कळते, त्याला ते कळावे असेच लिहिणाऱ्याला वाटत असते, आणि तरीही नाव घ्यावयाचे नाही असा उभयतांत अलिखित करार असतो. इंदुरातील आमच्या जुन्या मराठी घरांतून ही चाल फार पूर्वीची. देवीची साथ आली की रोगाचे नाव न घेता आईची ओटी भरावयाची, क्षय झाला तर ‘छातीचे दुखणे’ म्हणावयाचे, आणि कर्करोग झाला तर आवाज उतरवून ‘त्यांना ते झाले आहे’ एवढ्यावर भागवावयाचे.

या चालीला मी हसत नाही. ज्या काळी ती पडली त्या काळी नाव घेऊन करावयाचे तरी काय होते? नाव घेतले म्हणजे निकाल सांगितला. त्यापेक्षा रोग्याला चार दिवस सुखाचे जावोत, असा त्यामागे कनवाळू हिशेब होता. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निदान एका रोगाच्या बाबतीत तरी हा हिशेब पार उलटला आहे. तो रोग म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग. या रोगात आता नुसते नाव घेऊनही भागत नाही, पूर्ण नाव घ्यावे लागते. आणि ज्याला ते पूर्ण नाव ठाऊक नाही त्याच्या हाती योग्य औषध पडणे हा बराचसा दैवयोग ठरतो.

पूर्ण नाव म्हणजे काय, ते आपल्याच रिवाजावरून सांगतो. इंदुरात कोणी नुसते ‘कुलकर्णी’ म्हटले तर त्यातून काहीही समजत नाही. लागलीच पुढचे प्रश्न येतात. कुठले कुलकर्णी? रामबागेतले की नारायणबागेतले? मूळचे साताऱ्याकडचे की खानदेशातले? होळकरशाहीत आलेले की नोकरीच्या निमित्ताने मागाहून आलेले? एवढे सगळे झाले म्हणजे मग ‘अच्छा, म्हणजे ते!’ असा उलगडा होतो. ‘फुप्फुसाचा कर्करोग’ हे असेच नुसते आडनाव आहे. त्यात पेशी कोणत्या, त्या पेशींत बिघाड कोणत्या जनुकात आणि रोग कुठवर पसरला, हे विचारल्यावाचून डॉक्टरलाही पुढे पाऊल टाकता येत नाही.

हे आडनावसुद्धा तसे अलीकडचेच. १९१२ साली न्यूयॉर्कच्या आयझॅक अ‍ॅडलर या वैद्याने या रोगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा इतक्या दुर्मीळ रोगावर ग्रंथ लिहिण्याचे प्रयोजन काय, याबद्दल त्याला प्रारंभीच खुलासा करावा लागला होता. आज हा रोग जगात सर्वांत अधिक माणसे नेणारा कर्करोग आहे. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे २५ लाख लोकांना तो नव्याने झाला आणि सुमारे १८ लाख लोक त्याने दगावले. भारतातील त्या वर्षीचा अंदाज ८१ हजारांच्या वर नवे रोगी असा आहे. दुर्मीळ म्हणविणारा रोग एका शतकात येथवर आला.

त्यावरील शस्त्रक्रियेची पहिली मोठी हकीकत मला एखाद्या नाटकासारखी वाटते. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुई शहरी एव्हर्ट्स ग्रॅहॅम या शल्यविशारदाने एका रोग्याचे डावे फुप्फुस एकाच बैठकीत समूळ काढले. रोगी स्वतः डॉक्टर होता, पिट्सबर्गचा प्रसूतितज्ज्ञ, वय ४८. कर्करोगासाठी अख्खे फुप्फुस काढूनही माणूस जगतो, हे त्या दिवशी प्रथम सिद्ध झाले. हा रोगी पुढे तब्बल तीस वर्षे जगला. ग्रॅहॅमला स्वतःला सिगारेटची सवय होती, आणि सिगारेटमुळे हा रोग होतो ही कल्पना त्याला आरंभी मुळीच पटत नव्हती. परंतु अर्न्स्ट वाइंडर नावाच्या एका वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्याला रोग्यांची पाहणी करावयास लावले आणि १९५० साली ६८४ रोग्यांची हकीकत दोघांच्या नावे प्रसिद्ध झाली. तंबाखूवर ठपका ठेवणारी ती पाहणी. पुढे ग्रॅहॅमने सिगारेट सोडली खरी, पण उशीर झालेला होता. १९५७ साली तो फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेला. ज्याचे फुप्फुस त्याने काढले तो प्रसूतितज्ज्ञ मात्र १९६३ पर्यंत हयात होता.

त्याच १९५० साली लंडनच्या रुग्णालयांतून रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी तेच अनुमान काढले. पुढच्या वर्षी त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या. चाळीस हजारांवर उत्तरे आली, आणि त्या डॉक्टरांचा पाठपुरावा पुढे पन्नास वर्षे चालला. त्यातला एक निष्कर्ष धूम्रपान करणाऱ्या प्रत्येक घरात सांगण्याजोगा आहे. सिगारेट ओढणाऱ्याचे आयुष्य सरासरीने दहा वर्षांनी घटते, पण साठाव्या वर्षी जरी सोडली तरी त्यातली तीन वर्षे परत मिळतात आणि चाळिसाव्या वर्षी सोडली तर नऊ. ‘आता या वयात सोडून काय होणार’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक काकाला हा आकडा ऐकवावा. आणि विडीचे म्हणाल तर आपल्या मध्य प्रदेशातला तेंदूपत्ता देशभर जातो; टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली म्हणून ती सात्त्विक, अशी समजूत मी सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकली आहे. विडीने हा रोग सिगारेटइतकाच होतो. पानाच्या भाबडेपणाशी आतल्या धुराला काही कर्तव्य नाही.

पण तंबाखूची ही गोष्ट इतकी घट्ट रुजली की तिच्यातून एक नवीच चूक जन्मली. ज्याने कधी विडी ओढली नाही त्याला हा रोग व्हावयाचाच नाही, असे लोक धरून चालतात, आणि लोकांबरोबर कधी कधी डॉक्टरही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१२ साली आपल्याकडील ४८९ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांतले निम्म्याहून अधिक, शेकडा ५२, धूम्रपान न करणारे निघाले. चुलीचा धूर, रस्त्यावरचा धूर, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, अशी कारणे सांगतात. शहरांतील दूषित हवेची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१३ साली कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली. पण पुष्कळ रोग्यांच्या बाबतीत बोट ठेवण्यासारखे कारण सापडतच नाही.

माझ्या एका चुलतवहिनी अशांपैकी. चाळीस वर्षे शाळेत शिकविलेल्या, घरात कोणी तपकीरही ओढणारा नाही. २०२१ च्या पावसाळ्यात खोकला सुरू झाला, तो काही केल्या जाईना. छातीच्या फोटोत डाग दिसला, आणि एका नावाजलेल्या डॉक्टरांनी क्षयाची औषधे सुरू केली. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी केली. आमच्याकडे डाग म्हटला की क्षय हे समीकरण पाठ आहे, आणि ते अगदी निराधारही नाही, कारण जगातील क्षयरोग्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. दोन महिन्यांनी वजन वाढावे ते आणखी उतरले. चौथ्या महिन्यात आवाज बसला. पाचव्यात छातीत पाणी झाले, तेव्हा कुठे कोणाच्या तरी मनात पाल चुकचुकली.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण ही कथा एका घरची नव्हे. थुंकीत क्षयाचे जंतू आहेत की नाहीत हे जनुकीय यंत्रावर आता सुमारे दोन तासांत कळते, आणि ही तपासणी सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य होते. ती नकारार्थी आली आणि तरीही औषधे द्यावयाची ठरले, तर निदान सहा-आठ आठवड्यांनी डाग घटला की नाही हे पाहावयास हवे. न घटल्यास औषध बदलून पाहण्यापेक्षा सीटी स्कॅन करून त्या डागातला तुकडा काढून बघावा. थुंकीतून रक्त, बसलेला आवाज, उतरते वजन, अकारण दुखणारा खांदा किंवा बरगडी, आणि तीन आठवड्यांवर रेंगाळलेला खोकला, यांतले एक जरी असले तरी पन्नाशी उलटलेल्या माणसाने ‘हवा बदलली’ म्हणून स्वस्थ बसू नये.

तुकडा काढावयाचा म्हटले की घरात दुसरी भीती उभी राहते : सुई लावली की तो पसरतो. ही समजूत आली कुठून हे मी पुष्कळांना विचारले. बहुधा उशीर झाल्यावर सुई लागायची, आणि पुढे जे रोगामुळे व्हावयाचे ते सुईच्या माथी मारले जायचे. सुईच्या मार्गात रोग उतरल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत, पण फार विरळा. उलट तुकड्यावाचून औषध देणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणे. आणि तुकडा काढण्याची कला आज किती पुढे गेली आहे! १८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियानने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा सरळसोट नळी घालून काढला, ती ब्राँकोस्कोपची सुरुवात. जपानच्या शिगेतो इकेदाने १९६० नंतरच्या दशकात ती नळी काचेच्या तंतूंची, वाकणारी केली. आता त्या वाकत्या नळीच्या टोकाला सोनोग्राफीचा डोळा बसविलेला असतो. श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडची गाठ पडद्यावर पाहत पाहत तिच्यात सुई टाकतात, आणि रोगी बहुधा त्याच संध्याकाळी घरी जातो. बाहेरच्या कडेच्या गाठीसाठी सीटी स्कॅनच्या साहाय्याने बरगड्यांमधून सुई घालतात. पेट स्कॅनने रोग शरीरात इतरत्र कोठे पोचला तेही दिसते.

तुकडा हाती आला म्हणजे पॅथॉलॉजिस्ट प्रथम पेशी ओळखतो. फुप्फुसाच्या कर्करोगाची दोन मोठी घराणी : एक लहान पेशींचे, दुसरे लहान नसलेल्या पेशींचे. दुसरे फार मोठे, शंभरातले सुमारे पंच्याऐंशी रोगी त्यातले, आणि त्यातच ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ म्हणजे ग्रंथिपेशींसारखा दिसणारा प्रकार येतो. विसावे शतक संपेपर्यंत एवढे नाव पुरत असे, कारण पुढे सर्वांना औषध जवळजवळ एकच होते.

मग एका गोळीने सारे बदलले. तिची हकीकत मला ग्रॅहॅमच्या हकीकतीहून कमी रोचक वाटत नाही. गेफिटिनिब नावाची ती गोळी २००३ साली अमेरिकेत मंजूर झाली. बहुतेकांना तिने काहीच गुण आला नाही. पण थोड्या रोग्यांत असा चमत्कार झाला की प्राणवायू लावून पडलेली माणसे काही दिवसांत चालू लागली. अशांत स्त्रिया अधिक, धूम्रपान न करणारे अधिक, पूर्व आशियातील अधिक. कोणाला गुण येईल याचा उलगडा २००४ साली अमेरिकेतील तीन संशोधक-गटांनी जवळजवळ एकाच वेळी केला. या रोग्यांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात विशिष्ट बिघाड होता. पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणारी घंटा त्या बिघाडामुळे अखंड वाजत राहते, आणि गोळी नेमकी त्या घंटेला फडके बांधते. तथापि सरसकट सर्वांना देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत तीच गोळी नापास झाली, आणि २००५ साली अमेरिकेत ती नव्या रोग्यांना जवळपास बंद झाली. २००९ साली पूर्व आशियातील १,२१७ रोग्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. जनुकात बिघाड असलेल्यांपैकी शेकडा ७१ जणांची गाठ गोळीने आकसली. बिघाड नसलेल्यांत हे प्रमाण शेकडा एक. या दुसऱ्या गटाला गोळीऐवजी साधी केमोथेरपी मिळती तर ती अधिक हिताची ठरती. २०१५ साली अमेरिकेने हीच गोळी बिघाड असलेल्यांसाठी पुन्हा मंजूर केली. बारा वर्षांत गोळीत काडीचाही फरक झाला नव्हता. ती कोणासाठी आहे त्याचे नाव तेवढे कळले होते.

आपल्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट ही की हा बिघाड गोऱ्या लोकांपेक्षा आपल्यात अधिक आढळतो. टाटा रुग्णालयाने ९०७ भारतीय रोग्यांच्या गाठी तपासून २०१३ साली प्रसिद्ध केलेला आकडा शेकडा २३ आहे. म्हणजे अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या दर चार-पाच रोग्यांमागे एक जण असा, की ज्याचा उपचार घरी बसून घ्यावयाच्या गोळीने सुरू होऊ शकतो. दुसरा बिघाड एएलके या जनुकाचा. तो २००७ साली जपानच्या हिरोयुकी मानो यांच्या गटाने शोधला आणि अवघ्या चार वर्षांत त्यावरची गोळी बाजारात आली. हा रोगी शंभरात चार-पाचच. पण त्याला लाभणारे औषध आता इतके सुधारले आहे की लॉरलाटिनिब घेणाऱ्यांपैकी शेकडा ६० जणांचा रोग पाच वर्षांनंतरही पुढे सरकलेला नव्हता. पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल असे वाक्य लिहिता येईल असे वीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

आमच्या वहिनींना अवंतिका एक्स्प्रेसने परळला नेले. तुकडा घेतला, आणि ईजीएफआरचा बिघाड निघाला. इंदुरात परतल्यावर मात्र घरात तीच जुनी चाल सुरू झाली. फाईल कपाटात कुलपाआड, ‘छातीत पाणी आहे, गोळ्यांनी जाईल’ अशी बतावणी, आणि आल्यागेल्याला दारातच खूण. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावयाची. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, पोट बिघडले, नखांच्या कडा सुजल्या, तर त्याच दिवशी कळवावयाचे असते. ज्याला रोगच सांगितला नाही तो हे काय म्हणून कळवील? त्यांनी पुटकुळ्या आंब्याच्या उष्णतेवर ढकलल्या आणि चार दिवस गोळी परस्पर बंद ठेवली. ते उघडकीस आले तेव्हा थोरल्याने धीर करून सारे सांगितले. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “डबीवर नाव छापलेलं आहे रे. मी पहिल्या दिवशीच वाचलं. झालंय माझ्या फुप्फुसाला, तुमच्या जिभांना काय झालंय?”

त्यानंतर त्यांनी एक वही घातली. गोळीची वेळ, पुटकुळ्या, वजन, सारे मास्तरणीच्या अक्षरात. डॉक्टर आधी ती वही मागत. चौदा महिन्यांनी गोळी लागू पडेनाशी झाली. हे बहुतेकांत कधी ना कधी होते, कारण रोग आपले कुलूप बदलतो. पण कोणते बदलले हे पाहण्यासाठी पुन्हा सुई लावावी लागली नाही. गाठीतून रक्तात झिरपणारे जनुकांचे कण साध्या रक्ताच्या नमुन्यात सापडले, आणि ऑसिमर्टिनिब ही पुढची गोळी सुरू झाली. सगळी मिळून साडेतीन वर्षे मिळाली. त्या काळात त्यांनी घरच्या मोडी दप्तराची यादी पुरी केली. मोडी वाचणारे घरात त्या एकट्याच उरल्या होत्या. गेल्यावर निधनवार्तेत ‘दुर्धर’ लिहावयाचे नाही, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले होते.

दुसरी मोठी क्रांती जनुकांची नव्हे, तर आपल्याच शरीराच्या पहारेकऱ्यांची. १९९२ साली क्योतो येथे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींवरचा एक लगाम सापडला. कर्करोग हा लगाम खेचून पहारेकऱ्यांना जागच्या जागी उभे करतो. तो सोडवला तर पहारेकरी पुन्हा धावून जातात. असाच दुसरा लगाम अमेरिकेत अभ्यासणारे जेम्स अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या तत्त्वावरचे पेंब्रोलिझुमॅब हे औषध, ज्यांच्या गाठीवर पीडी-एल१ नावाची खूण भरपूर आहे, अशा पसरलेल्या रोगाच्या रोग्यांना प्रथमपासून दिले तेव्हा पाच वर्षांनी त्यांतले शेकडा ३२ हयात होते. प्रथम केमोथेरपी मिळालेल्यांत शेकडा १६. येथेही नाव सुटत नाही. ईजीएफआर किंवा एएलकेचा बिघाड असलेल्यांना या औषधाचा गुण फारसा येत नाही, आणि ते आधी देऊन मागाहून ऑसिमर्टिनिब दिल्यास फुप्फुसाला घातक सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणून घाईने सुई टोचण्यापेक्षा जनुकांच्या अहवालाची दोन आठवडे वाट पाहणे पुष्कळदा शहाणपणाचे.

खर्चाचे काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात केव्हाचा घोळत असेल. गेफिटिनिब भारतीय कंपन्या बनवितात, त्यामुळे ते आता मूळच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळते. ऑसिमर्टिनिब आणि लगाम सोडविणारी औषधे मात्र मध्यमवर्गाचे घर धुऊन नेतील इतकी महाग आहेत. जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकात ऑसिमर्टिनिबसह तीन औषधांवरील आयातकर माफ झाला, तरी हे बव्हंशी खरेच राहिले. मला कौतुक वाटते ते टाटा रुग्णालयातील डॉक्टरांच्या खटपटीचे. त्यांनी ३५० रोग्यांवर चाचणी घेऊन २०१९ साली दाखवून दिले, की स्वस्त गेफिटिनिबला जुन्याच केमोथेरपीची जोड दिल्यास रोग आठ महिन्यांऐवजी सोळा महिने आटोक्यात राहतो. त्रास अर्थात वाढतो. आणि डोके-मानेच्या कर्करोगात त्यांनी लगामावरचे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देऊन पाहिले, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १६ वरून ४३ वर गेले. गरीब देशाने विचारावयाचा प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो विचारण्यात औषध विकणाऱ्याला काय रस असणार?

लहान पेशींच्या घराण्याबद्दल मात्र एवढे उत्साहाने लिहिता येत नाही. तो जवळजवळ नेहमी धूम्रपानाचा रोग, आणि भराभर पसरणारा. लगामावरच्या औषधांनी थोडे महिने वाढले, २०२४ साली अमेरिकेत टारलाटामॅब हे नव्या धर्तीचे औषध मंजूर झाले, पण बरे होणारे अद्याप थोडेच.

रोग लवकर सापडला तर? पहिल्या पायरीवर सापडलेली गाठ आता छातीला मोठी चीर न देता, छिद्रांतून दुर्बीण घालून काढतात, आणि ती अगदी लहान असेल तर फुप्फुसाचा अख्खा खंड न काढता त्याचा एक भागच काढणे पुरते असे जपानच्या २०२२ सालच्या चाचणीने दाखविले. ज्याला शस्त्रक्रिया झेपणार नाही त्याला अचूक नेम धरलेले किरण थोड्याच बैठकांत देतात. काढलेल्या गाठीतही ईजीएफआर पाहतातच. तो बिघाड असलेल्यांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे ऑसिमर्टिनिब दिल्यास पाच वर्षांनी शेकडा ८८ हयात राहिले, न दिल्यास ७८.

लवकर सापडण्याचा खात्रीचा मार्ग एकच ठाऊक आहे : कमी किरणांचा सीटी स्कॅन, तोही फार ओढलेल्यांसाठी. अमेरिकेत ५३ हजारांवर लोकांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. दर वर्षी असा स्कॅन केलेल्यांत या रोगाचे मृत्यू शेकडा २० नी घटले. छातीच्या साध्या फोटोला हे साधत नाही. पण त्याच पाहणीत संशयित ठरलेल्या डागांपैकी शेकडा ९६ डाग कर्करोगाचे नव्हते. ही अमेरिकेची गोष्ट. आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण घराघरांत. सरसकट स्कॅन काढू लागलो तर निम्मे इंदूर सुईच्या रांगेत उभे राहील. म्हणून दिवसाला एक पाकीट असे वीस वर्षे ओढलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या माणसाने डॉक्टरांशी याबद्दल अवश्य बोलावे; इतरांनी जाहिरातीतील ‘सर्वांगतपासणी’च्या मोहात पडून पैसे घालवू नयेत.

राहिली एक व्यवहाराची गोष्ट, जी पुष्कळ घरांना माहीत नसते. तपासणीसाठी काढलेला तुकडा फेकला जात नाही. तो पॅराफिनच्या मेणात बसवून आगपेटीहून लहान ठोकळा करतात आणि रुग्णालय तो वर्षानुवर्षे सांभाळते. पूर्वी ज्याची नुसती पेशी पाहिली त्याच ठोकळ्यावर आज जनुकांची तपासणी करता येते, बहुधा नव्याने सुई न लावता. तो रोग्याच्या किंवा त्याच्या माणसाच्या अर्जावर मिळतो. काचपट्ट्या आणि अहवालाची प्रतही सोबत मागून घ्यावी, ठोकळ्यावरचा क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी पडताळून घ्यावा, आणि दुसऱ्या गावी नेताना तो हातातल्या पिशवीत ठेवावा. वैशाखात मोटारीच्या पुढल्या काचेपाशी ठेवू नये. मेणच ते.